भागाकाराला माणसं लागतात

"अरे, कुणीतरी उभं राहा की!" धनपालअण्णा दारातूनच म्हणाले.

कुणीही उभं राहिलं नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत पोरं आपापल्या चटईवर पसरली होती. एक मुलगी मन लावून काकडी चिरत होती. दोघं नकाशाचे लाकडी तुकडे जुळवत पालथी पडली होती. एकानं काय ती मान वर केली, आम्हा तिघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग तो उठून आला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चपला तिकडं." एवढं सांगून परत आपल्या कामाला लागला.

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, शिवाय सायझिंगचे मालक. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना म्हणजे सायझिंग, आणि आमच्या मागांच्या गावात सायझिंगवाल्याला लोक देवाच्या खालोखाल मानत. अण्णा कुठल्याही शाळेत गेले की नारळ, गुलाबाचं फूल आणि पेटीवर स्वागतगीत ठरलेलं. इथे त्यांना चपला कुठे काढायच्या ते सांगण्यात आलं होतं.

हेरवाडेसाहेबांनी मात्र लगेच बूट काढले. ते शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांची तपासणी म्हटली की भल्याभल्या गुरुजींची धांदल उडायची, कारण साहेबांची एक खोड होती. ते मुलाला उभ्या-उभ्या प्रश्न विचारत, आणि मुलाला आलं नाही की तोच प्रश्न शांतपणे शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला विचारत.

समितीतली तिसरी मी. वत्सला आवटी, त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीची बाई.

समिती कशाची, ते सांगते. पाच वर्षांपूर्वी पालिकेनं इमारतीचा वरचा मजला एका संस्थेला चालवायला दिला होता. शाळा पालिकेचीच, फी नाही, मुलं आजूबाजूच्या माग कामगारांची. पण शिकवायचं माँटेसरी पद्धतीनं. पाच वर्षांचा करार संपत आला होता. मुदत वाढवायची की वरच्या मजल्याला कुलूप लावायचं, हे आम्ही तिघांनी एका दिवसात बघून ठरवायचं होतं. अधिकारी एक, लोकप्रतिनिधी एक आणि पालिकेच्या शाळेतला शिक्षक एक. खरं तर शिक्षक म्हणून आमचे मुख्याध्यापक तारदाळेगुरुजी जायचे, पण गुरुजींची पाठ मोठी समजूतदार होती. अवघड काम आलं की ती आपणहून धरायची. त्यांनी माझं नाव पुढे केलं.

निघताना त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं होतं.

"बाई, सगळं तुमच्या हातात आहे. वरची शाळा बंद झाली की ती पोरं कुठं जातील? आपल्याकडंच. सुंठीवाचून खोकला जाईल."

"आणि चालू राहिली तर?"

"तर जूनला तुमच्या वर्गाचा पट मोडतो. मग तुम्ही अतिरिक्त. समायोजन कुठं होईल ते मी सांगायला नको. चंदगडकडच्या जागा रिकाम्या आहेत म्हणे."

पट म्हणजे वर्गातली मुलांची संख्या. ती कमी झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवतात. दर वर्षी माझ्या वर्गातली चार-दोन मुलं जिना चढून वर जात होती. चंदगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, धाकटा सातवीत, ह्यांची दुकानातली नोकरी सकाळी नऊ ते रात्री नऊ. तेव्हा जिना चढताना माझं मत कुठल्या बाजूला झुकलेलं होतं, हे काही वेगळं सांगायला नको.

वरच्या शाळेच्या प्रमुख ललिताताई उपाध्ये पुढे आल्या. सुती साडी, चष्म्याला दोरी, आवाज एवढा हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. भिंतीलगत तीन बुटकी स्टुलं मांडलेली होती. त्या म्हणाल्या, "बसा ना. इथे पाहुण्यांनी बसून पाहायचं, अशी पद्धत आहे."

"मी पाहायला आलेलो नाही," साहेब म्हणाले. "तपासायला आलोय."

"मग तपासा," ललिताताई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. घाबरलेल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

साहेबांनी पहिला प्रश्न एका पाच-सहा वर्षांच्या मुलाला केला. त्याच्यापुढे पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं खरखरीत कागदाचं अक्षर होतं.

"हे कुठलं अक्षर?"

पोरानं त्यांच्याकडे जरा दयेनंच बघितलं. मग पुठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. "ह्यावर बोट फिरवा. हळू. मग कळतंय."

साहेबांनी पुठ्ठा खाली ठेवला. पुढच्या मुलीला विचारलं, "बारा साते?"

"थांबा हां," म्हणून ती कपाटाकडे गेली आणि मण्यांच्या माळा घेऊन आली. "बसा. मोजूया."

तिसऱ्याला विचारलं, "महाराष्ट्राच्या पूर्वेला कुठलं राज्य?" तो नकाशाचा तुकडा हातात देऊन म्हणाला, "हे कुठं बसतंय बघा. बसलं की शेजारी दिसतंय."

अण्णा माझ्या कानाशी कुजबुजले, "बाई, ह्यास्नी काय येतंय का न्हाई? का साहेबाची चेष्टा करालीत?"

मलाही कळेना. मी ललिताताईंना हळूच विचारलं, "अहो, मुलं उत्तर का देत नाहीत?"

त्या ओशाळं हसल्या. "इथे ज्याला येत नाही तोच विचारतो, बाई. येत असलेलं कुणी कुणाला विचारतच नाही. साहेबांना खरंच येत नाही, असं वाटतंय त्यांना."

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या तालुक्यात ज्या माणसाच्या प्रश्नाला शिक्षक चळचळा कापत, त्या माणसाची ही पोरं कीव करत होती! आणि शाळा त्यापायी बुडत होती. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती, पण प्रत्येक प्रश्नानंतर ते नुसती मान हलवत पुढे जात, आणि त्या हलण्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना पाठ होता.

खिडकीपाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी एकटीच बसली होती. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. शाहीन मोमीन. तिचा बाप आमच्या गल्लीतल्या मागावर रातपाळी करायचा, म्हणून मी तिला ओळखत होते.

साहेब तिच्यापुढे उभे राहिले. आता त्यांच्या आवाजाला धार आली होती. "चार हजार तीनशे सत्तावीस. भागिले तीन. किती?"

मी चटकन खाली बघायला लागले. का ते नंतर सांगते.

शाहीननं साहेबांकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. "तिघंच हाय न्हवं तुम्ही? मग बरं झालं. बसा."

"कशाला?" साहेब म्हणाले.

"भागाकाराला माणसं लागत्यात की. कुणाला वाटायचं नाहीतर?"

मी ललिताताईंकडे सरकले. "अहो, सांगा तिला. नुसतं उत्तर दे म्हणावं. एका शब्दाचं काम आहे."

ललिताताईंचे डोळे भरून आले होते. पाच वर्षांचं काम त्यांच्यादेखत वाहून चाललं होतं. तरी त्यांनी मान हलवली. "तिनं काम सुरू केलंय, बाई. आता मधे बोलता येत नाही."

शाहीननं मोठी चटई पसरली. आणि देवाची करणी बघा, सगळ्यांत आधी अण्णा बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, उभं राहून कंटाळले होते, हे खरं कारण. धोतर सावरत त्यांनी ऐसपैस मांडी घातली. मग साहेब बसले. साहेबांना मांडी घालून बसलेलं त्याआधी कुणी बघितलं नसेल. मग मी.

तिनं आम्हाला एकेक लाकडी ताट दिलं. मग कपाटातून सोनेरी मणी आणले. सुटा मणी म्हणजे एक. दहा मणी ओवलेली काडी म्हणजे दहा. अशा दहा काड्यांची चौकट म्हणजे शंभर, आणि दहा चौकटी एकावर एक ठेवलेला घनाकृती ठोकळा म्हणजे हजार. तिनं चार ठोकळे, तीन चौकटी, दोन काड्या आणि सात मणी चटईवर मांडले.

"हे चार हजार तीनशे सत्तावीस. मोजून घ्या, नंतर भांडायचं न्हाई."

तिनं ठोकळे वाटायला घेतले. "एक तुम्हाला, एक तुम्हाला, एक तुम्हाला." एक ठोकळा उरला. "हा तिघांत जात न्हाई. थांबा, मोड आणतो." आमच्याकडे पोरीसुद्धा 'आणतो, जातो' असंच म्हणतात. ती ठोकळा घेऊन कपाटाकडे गेली आणि त्याच्या बदल्यात शंभराच्या दहा चौकटी घेऊन आली.

मी त्या चौकटींकडे बघत राहिले.

आता सांगते. मी तिसरीत होते तेव्हा गुरुजींनी मला फळ्यापाशी बोलावून असाच एक भागाकार घातला होता. मला आला नाही. उरलेल्या आकड्याशेजारी पुढचा आकडा 'खाली घ्यायचा' एवढं पाठ होतं. का घ्यायचा ते मला कळत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. गुरुजींनी मला शाळा सुटेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभं केलं. मारलं नाही. पण सगळा वर्ग मागून बघत होता. तेव्हापासून भागाकार बघितला की माझ्या पोटात गोळा यायचा. पुढे मी रीत घोकली, परीक्षा दिल्या, शिक्षिका झाले, मुलांना भागाकार शिकवायलासुद्धा लागले. गणित घरून सोडवून आणायचे आणि फळ्यावर उतरवायचे. पण साहेब वर्गात आले की मला तो गोळा यायचा. आज शाहीनला आलं नसतं तर त्यांची मान माझ्याकडे वळली असती, म्हणून मी खाली बघत होते.

आणि ही एवढीशी पोर माझ्यापुढे हजाराची मोड करून शंभराच्या चौकटी मांडत होती. आधीच्या तीन आणि ह्या दहा, तेरा. "चार तुम्हाला, चार तुम्हाला, चार तुम्हाला. एक उरली. मोड आणतो." म्हणजे 'खाली घ्यायचा' म्हणजे एवढंच होतं! उरलेलं मोडून पुढच्यात मिसळायचं! बाजारात शंभराची नोट मोडताना जे मी रोज करत होते, तेच.

काड्या वाटून झाल्या, चार-चार. मणी वाटले, दोन-दोन. एक मणी उरला.

"हा मला दे," अण्णा म्हणाले. आता ते खेळात पुरते रमले होते. "मी नगरसेवक हाय."

"भागाकारात नगरसेवक नसतोय," शाहीन म्हणाली. "सगळ्यास्नी सारखं. उरलेला बाजूला." तिनं तो मणी चटईच्या कडेला ठेवला. "आता ज्यानं त्यानं आपापलं मोजा."

मी मोजलं. एक हजार चारशे बेचाळीस. साहेबांचंही तेवढंच. अण्णा म्हणाले, "तेराशे बेचाळीस."

मला वाटलं, आता ती 'चूक' म्हणणार. माझे कान त्या शब्दासाठी उभे राहिले होते. तिनं नुसतं तिन्ही ताटांकडे बघितलं. "तिघांचं सारखं यायला पायजे. परत बघूया."

अण्णांनी परत मोजलं. परत तेराशे बेचाळीस. ती वाट बघत बसली. तिला कसलीच घाई नव्हती. शेवटी अण्णांनी बूड हलवलं आणि धोतराच्या सोग्याखालून शंभराची चौकट निघाली.

अण्णा लहान पोरासारखे खदखदून हसले. साहेबसुद्धा हसले. मी हसायला गेले आणि मला हुंदका फुटला. पदर तोंडाला लावला, खोकल्याचं निमित्त केलं. कुणी माझ्याकडे रोखून बघत नव्हतं, कुणी मला उभं केलं नव्हतं, आणि तिसरीपासून पोटात बसलेला तो गोळा कधी निघून गेला ते मला कळलंही नव्हतं. शाहीन मणी आवरायला लागली होती.

खाली मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही निर्णयाला बसलो. तारदाळेगुरुजींनी भडंग आणि चहा मागवून ठेवला होता. समितीत नसूनही ते कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. पाठ बरी होती.

साहेबांनी चहा संपवला, मग बोलले. "मी सरळ सांगतो. मला एकाही मुलानं उत्तर दिलं नाही."

"असं कसं?" अण्णा म्हणाले. "दिलं की! माझ्या मांडीखालीच हुतं." आणि मग एकदम गंभीर झाले. "साहेब, आमची चार भावांची वाटणी झाली तवा वकील बसिवले, पंच बसिवले. अजून एकमेकाच्या दारात जात न्हाई आम्ही. ही पोरगी वाटायला असती तर आज बोलत असतो. पोरं उठून उभी ऱ्हायली न्हाईत, त्याचा मला राग आलाय, ते वेगळं. पण माझं मत, शाळा ऱ्हाऊ दे."

गुरुजींच्या हातातलं भडंग हातातच राहिलं.

"माझं मत वेगळं आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जड वाटलं. "मलाही मजा आली. पण चौथीनंतर ही मुलं दुसऱ्या शाळेत जाणार. तिथे त्यांना माझ्यासारखा कुणीतरी उभ्या-उभ्या विचारणार. तिथे चटई कुठून आणतील? मणी कुठून आणतील? शिकवणं म्हणजे मुलाला जगात उभं राहता येणं. इथली मुलं बसून राहतील. मी मुदतवाढीच्या विरुद्ध आहे."

सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत.

साहेब कनवाळूपणे म्हणाले, "आवटीबाई, तुमची अडचण मला माहीत आहे. तुम्ही तटस्थ राहिलात तरी चालेल. एकास एक झालं तर अध्यक्ष म्हणून मी निर्णय घेईन. तुमच्यावर कुणाचा रोष नको."

गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "हे उत्तम. हे अगदी उत्तम."

खरंच उत्तम होतं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर वरच्या मजल्याला कुलूप, आणि माझ्या घराला धक्का नाही. मला सासूबाईंचा चेहरा दिसला. धाकट्याचा दिसला.

आणि मी म्हणाले, "साहेब, मला विचारा."

"काय?"

"एखादा भागाकार. तोंडी. उभ्या-उभ्या." मी खरोखरच उठून उभी राहिले. "तुम्ही म्हणता, चटई नसली की ते शिकणं संपलं. मी आज तासापूर्वी शिकले. बघा, संपलंय का."

"बाई, तुम्ही शिक्षिका आहात," गुरुजी म्हणाले. "हा काय पोरखेळ?"

"मला भागाकाराची भीती वाटायची, गुरुजी. लहानपणापासून. साहेब वर्गात आले की मी देव पाण्यात घालून बसायचे. विचारा, साहेब."

साहेबांनी रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "सात हजार तीनशे बावन्न. भागिले चार."

मी डोळे मिटले. चार माणसं पाहिजेत. खोलीत चौघंच होतो. साहेब, अण्णा, गुरुजी आणि मी. मी चौघांपुढे ताटं ठेवली. सात ठोकळे, एकेक वाटला, तीन उरले. मोड आणली, तीस चौकटी, आणि आधीच्या तीन. आठ-आठ दिल्या. एक उरली. तिची मोड, दहा काड्या, आधीच्या पाच. तीन-तीन. पुन्हा तीन उरल्या. तीस मणी आणि दोन, बत्तीस. आठ-आठ. चटई रिकामी. मी आपल्या ताटात बघितलं.

"एक हजार आठशे अडतीस," मी म्हणाले. "काही उरलं नाही."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आकडे मांडले आणि भागाकार करायला लागले. अण्णांनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवली. तालुक्याला प्रश्न विचारणाऱ्या साहेबांनाही उत्तर करूनच बघावं लागत होतं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. पेन बंद केलं. मग विचारलं, "तुमचं मत?"

"मुदत वाढवावी."

"पटाचं काय होईल, ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब."

"मग माझा विरोध मी लिहीत नाही," ते म्हणाले. "तिघांचं एकमत आहे असं कळवतो." आणि उठले. दारापाशी थांबून त्यांनी मला नमस्कार केला. साहेबानं बाईला आधी नमस्कार करायची रीत आमच्या खात्यात नव्हती. मी गोंधळून पदर सावरत राहिले आणि मग उशिरा हात जोडले.

पुढचं सगळं गुरुजींनी सांगितलं होतं तसंच झालं. जूनमध्ये माझ्या वर्गाचा पट मोडला. मी अतिरिक्त ठरले आणि चंदगडकडच्या एका शाळेत माझी नेमणूक झाली. घरी रडारड झाली. सासूबाई मात्र पडल्या-पडल्या म्हणाल्या, "जा गं. कुठं तुरुंगात चाललीयास? पोरंच तर शिकवायची." नणंद येऊन राहिली. निभावलं. त्या डोंगरातल्या शाळेत मी निवृत्तीपर्यंत होते. काजूच्या बिया गोळा करून आम्ही भागाकार केले, आणि त्यात एकाही मुलाला मी फळ्याकडे तोंड करून उभं केलं नाही. लोक म्हणतात, आवटीबाईंवर अन्याय झाला. म्हणू देत. माझं मन त्या दिवसाचे आभार मानत आलंय.

कार्यमुक्त झाले तो दिवस तेवढा सांगायचा राहिला. वर्ग बंद झाला, म्हणून त्यात उरलेली मुलं आता वरच्या शाळेत जायची होती. गुरुजी म्हणाले, शिपाई नेऊन सोडेल. मी म्हटलं, माझी मुलं मीच नेईन.

आम्ही जिना चढलो. मुलं माझ्या साडीला चिकटून होती. खोलीत गेलो तर नेहमीसारखंच, कुणी उठून उभं राहिलं नाही. ललिताताई आल्या, त्यांनी माझे हात हातात घेतले. माझ्या मुलांनी चपला कोपऱ्यात काढल्या. एकानं सरकून जागा दिली, एकीनं चटई पसरली, आणि बघता-बघता माझी मुलं त्या खोलीत मिसळून गेली. एकानंही मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. मी गुपचूप बाहेर आले.

निम्मा जिना उतरले असेन, तेवढ्यात वरून हाक आली.

"आवटीबाई!"

शाहीन कठड्यावरून वाकली होती. धापा टाकत म्हणाली, "नव्या पोरांस्नी भागाकार दाखवालोय. चौघं पायजेत, तिघंच हायेत. बाकीची आपापल्या कामात हायेत, त्यास्नी उठवायचं न्हाई. एक माणूस कमी पडालंय." मग तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "तुम्ही मोकळ्या हाय न्हवं?"

"होय गं," मी म्हणाले. "मी मोकळीच आहे."

मी परत वर गेले, चपला काढल्या आणि चौथ्या ताटापुढे बसले.